पडीक शेतातली हराळी



बडोद्यातल्या काही मराठी घरांची आजही करजण, डभोई, वाघोडिया, सावलीकडे थोडीफार जमीन आहे. मुलं पुण्याला नाहीतर परदेशात. एक-दोन पावसाळे शेत तसंच पडून राहतं आणि कसायची वेळ येते तेव्हा आत हराळी आणि लव्हाळा यांचंच राज्य असतं. कामावर येणारी गुजराती माणसं त्यांना धरो आणि चीढो म्हणतात. नाव काहीही घ्या, इथल्या कानम पट्ट्यातल्या काळ्या जमिनीत या दोघांचं चांगलंच फावतं.

अशा वेळी बहुतेक जण आधी रोटाव्हेटर बोलावतात. शेत दिवसभरात मोकळं दिसतं, मालक खूश होतो. पण ओल असताना रोटाव्हेटर फिरला की हराळीच्या खोडांचे तुकडे होतात आणि प्रत्येक डोळ्याला नवा कोंब येतो. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत एकमेकींना जोडलेल्या असतात. ती साखळी तुटली की निजलेल्या गाठीही जाग्या होतात. म्हणजे भाडं देऊन आपण तणाची लागवड करून घेतो. एप्रिल-मे महिन्यांतली खोल नांगरट वेगळी. ढेकळं उलटी पडून तापतात, मुळ्या वेचून काढता येतात. मेहनत आहे, पण उपयोग होतो. स्वातंत्र्यानंतर मध्य भारतातल्या कांस गवताने भरलेल्या जमिनी मोडायला अवजड ट्रॅक्टर आणावे लागले होते. त्यासाठी १९४९ साली जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरचं कर्ज घेतलं गेलं. गवतासाठी कर्ज! यावरून त्याची ताकद ओळखावी.

आता तणनाशकाकडे वळू. ग्लायफोसेटचा तण मारण्याचा गुण अमेरिकेत जॉन फ्रान्झ यांनी १९७० साली शोधला. ते हिरव्या पानांतून आत शिरतं आणि पानांत तयार झालेल्या साखरेबरोबर खाली मुळांपर्यंत, गाठींपर्यंत जातं. तिथे झाडाला लागणारी काही अमिनो आम्लं बनणंच थांबवतं. थोडक्यात, औषध खाली पोचवायचं काम गवतालाच करायचं असतं. म्हणून ते गवत जिवंत, हिरवं आणि वाढतं हवं. आपल्याकडे अनेक जण मे महिन्यात, धुळीने माखलेल्या अर्धवट वाळक्या गवतावर फवारतात आणि औषध बनावट निघालं म्हणून दुकानदाराशी भांडतात. औषध खरं असतं, महिना चुकलेला असतो.

बडोद्याच्या बाजूला मला सप्टेंबरचे शेवटचे पंधरा दिवस सर्वांत बरे वाटतात. पाऊस ओसरतोय, जमिनीत ओल आहे, गवत फुलोऱ्यावर येतंय आणि पुढच्या हंगामासाठी अन्न खाली साठवतंय. फवारल्यावर निदान सहा तास पाऊस नको. पाणी स्वच्छ हवं. तलावाचं गढूळ पाणी घेतलंत तर ग्लायफोसेट त्यातल्या मातीलाच चिकटून बसतं आणि वाया जातं. मग दोन-तीन आठवडे शेताला नांगर लावायचा नाही. हा धीरच लोकांना जमत नाही. लव्हाळ्याच्या बाबतीत तर एका फवारणीत भागत नाही, कारण निजलेल्या गाठींपर्यंत औषध पोचत नाही. त्या उगवल्या की पुन्हा फवारावं लागतं.

दुकानात मिळणाऱ्या बाकीच्या दोन औषधांबद्दल बोलायलाच हवं. टू-फोर-डी रुंद पानांच्या तणांसाठी आहे, गवताचं ते काही बिघडवत नाही. उलट वाऱ्याने उडून शेजारच्या कपाशीवर गेलं की तिची पानं भेंडीच्या पानांसारखी चिंधाळतात आणि वर्षभराचं शेजारपण बिघडतं. दुसरं पॅराक्वाट. दोन दिवसांत शेत करपून जातं, दिसायला फार झकास! पण मूळ शाबूत असतं, थोड्याच दिवसांत हिरवळ परत दिसते. शिवाय ते पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. घरी लहान मुलं असोत नसोत, मी ते घरात ठेवणार नाही.

ग्लायफोसेटही निर्धास्त वापरायची वस्तू नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं; अनेक देशांच्या नियामक संस्थांचं मत वेगळं आहे. आपल्या केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून त्याचा वापर फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांमार्फतच करावा असं सांगितलं. तेव्हा पंप भरण्याआधी कृषी खात्यात आजचा नियम विचारा, प्रमाण डब्यावरच्या कागदाप्रमाणे ठेवा. फवारणाऱ्या माणसाला हातमोजे, बूट, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि तोंडाला मास्क द्या. मजुराला उघड्या पायांनी गवतात पाठवून आपण बांधावर छत्री धरून उभं राहणं बरं दिसत नाही.

आणखी एक सांगतो. हराळी आणि लव्हाळा दोघांनाही सावली सोसत नाही. जमीन मोकळी राहते म्हणून तर ती माजतात. पुढच्या जूनमध्ये स्वतः कसणं जमणार नसेल, तर निदान ताग किंवा धैंचा दाट पेरा आणि फुलावर येण्याच्या सुमाराला जमिनीत गाडा. बी फार महाग नसतं, जमिनीला खतही मिळतं. गावातल्या कुणाला वाट्याने द्यायचं असेल तर दाट वाढणारं पीक घ्यायचं आधीच बोलून ठेवा. आणि बांध विसरू नका. शेत साफ झालं तरी बांधावरची हराळी पावसाळ्यात पुन्हा आत सरकते. दरवर्षी बांधालगतची हातभर पट्टी कुदळीने खणून मुळ्या काढून टाकाव्या लागतात.