विलायती लुगडं आणि उधारीची वही

मागच्या वेळी आपण गटाच्या नोंदवहीबद्दल बोललो, आज कापडाबद्दल बोलू. सणासुदीचे दिवस जवळ आलेत. आठवडे बाजारात साड्यांचे ढीग लागलेत आणि हप्त्यावर साड्या देणारे गाठोडं घेऊन दारोदार फिरायला लागलेत. पण साडीवर यायच्या आधी मी तुम्हाला शंभर-दीडशे वर्षं मागे नेणार आहे. बी.ए.ला माझा इतिहास होता, तेवढं सहन करा.

आपल्या आजीच्या तोंडी ‘विलायती’ हा शब्द असायचा. विलायती म्हणजे साहेबाच्या देशातलं. इंग्रजांच्या काळात मुंबईच्या बंदरात आगबोटी लागायच्या आणि त्यातून गाठीच्या गाठी कापड उतरायचं. मांजरपाट, मलमल, छापील छीट. कापडाबरोबर सुया, दोऱ्याची रिळं, कातऱ्या, छत्र्या, कंदिलाच्या काचा, आगपेट्या. सुई आणि आगपेटीसारखी वस्तूसुद्धा समुद्र ओलांडून यायची, याचं आज नवल वाटतं.

त्याहून मोठं नवल नावांचं आहे. इंग्रजीत फुलाफुलांच्या कापडाला ‘चिंट्झ’ म्हणतात, तो शब्द आपल्या ‘छीट’वरून गेला. ‘कॅलिको’ हे नाव केरळातल्या कालिकतवरून, म्हणजे आजच्या कोझिकोडवरून. आणि कामगारांचा जाडाभरडा ‘डंगरी’ पोशाख? तो आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून. म्हणजे आधी आपलंच कापड तिकडे जात होतं, आपल्याच गावांच्या नावाने विकलं जात होतं. मग तिकडे यंत्रं आली आणि तेच कापड उलट्या वाटेने आपल्याला विकायला आलं.

ती वाट आपल्या दारावरून गेली आहे. तारापूरचे पारशी व्यापारी विकाजी मेहरजी आणि त्यांचे भाऊ पेस्तनजी यांची हैदराबाद संस्थानात मोठी पेढी होती. पेस्तनजींच्या नावाचा ‘पेस्तनशाही’ रुपयासुद्धा चालायचा. वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या बाजारात आणण्याच्या धंद्यात जे अगदी सुरुवातीला उतरले, त्यांत हे आपले तारापूरकर होते. तो कापूस मुंबईहून जहाजाने इंग्लंडला जायचा. लँकेशायरच्या गिरण्यांत त्याचं सूत व्हायचं, कापड व्हायचं आणि ते परत मुंबईला यायचं. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला आणि हा फेरा आणखी सोपा झाला. १८६४ मध्ये मुंबई-सुरत रेल्वे पूर्ण झाली होती. त्या वेळी पालघर हे तालुक्याचं गावही नव्हतं, तालुका माहीमचा, म्हणजे आपल्या केळवे-माहीमचा. पण रूळ पालघर-बोईसरवरून गेले, आणि बंदरांवर गलबतांनी चालणारा व्यापार हळूहळू स्टेशनांकडे सरकला.

आता विचार करा, शिवून-धुऊन वापरणाऱ्या शहाण्या बाईने ते विलायती कापड का घेतलं असेल? आपण पटकन म्हणतो, लोकांना साहेबाचं वेड लागलं होतं. मला ते पटत नाही. कापड बारीक होतं, पोत एकसारखा होता आणि हातमागापेक्षा स्वस्त पडत होतं. वर मँचेस्टरचे व्यापारी एवढे हुशार की ताक्यावर चिकटवायला रंगीत चित्रं छापायचे, त्यात आपले देवसुद्धा असायचे. लक्ष्मीचं चित्र असलेला ताका कोण परका म्हणेल?

आणि तो स्वस्तपणा सगळा यंत्राचाच नव्हता. १८८२ मध्ये सरकारने विलायती कापडावरची जकात काढूनच टाकली. पुढे तिजोरीत खडखडाट झाला म्हणून ती पुन्हा बसवली. पण १८९६ मध्ये विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवली, तेव्हा मुंबईच्या गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच, साडेतीन टक्के कर लावला. का, तर लँकेशायरच्या मालकांचं नुकसान नको. हा देशी कापडावरचा कर जायला १९२५ साल संपत आलं. बाजारात भाव आपोआप ठरतो असं कोणी म्हणालं, की मला हे साडेतीन टक्के आठवतात.

याविरुद्ध आवाज उठला तो आपल्याच महाराष्ट्रातून, आणि लवकर. पुण्याचे गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणायचे, ते १८७७ च्या दिल्ली दरबारात राजे-महाराजांच्या झगमगाटात हातसुताचे कपडे घालून गेले. १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. ३१ जुलै १९२१ ला मुंबईत परळला गांधीजींच्या हाताने फार मोठी होळी झाली. त्या होळीवर रवींद्रनाथ टागोरांनी आक्षेप घेतला होता, दीनबंधू अँड्र्यूजना वाईट वाटलं होतं. अंगाला वस्त्र नसलेली माणसं देशात असताना कापड जाळायचं कसं, असा तो प्रश्न होता. गांधीजींचं उत्तर असं, की जे मला लाजेचं वाटतं ते मी गरिबाला कसं देऊ? उत्तर मोठं आहे. तरी आमच्या पाड्यावरच्या आजींना मी हे सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “जाळण्यापेक्षा मला दिलं असतं तर मी गोधडी शिवली असती.” मला दोन्ही बाजू समजतात. खादी तेव्हाही गिरणीच्या कापडापेक्षा महाग होती, जड होती. हातावर पोट असलेल्या बाईला दर वेळी निवड करता येतेच असं नाही.

पण १९३० मध्ये जे झालं, ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण ते बायकांनी केलं. मुंबईत देशसेविका संघाच्या बायका केशरी साड्या नेसून मूळजी जेठा मार्केटसारख्या कापडबाजारात दुकानांपुढे उभ्या राहिल्या. पेरीन कॅप्टन, हंसा मेहता, अवंतिकाबाई गोखले अशा बायका त्यात पुढे होत्या. त्या दगड मारत नव्हत्या. गिऱ्हाइकाला हात जोडून सांगायच्या, हे घेऊ नका. पोलीस पकडून न्यायचे, की दुसऱ्या त्यांच्या जागी उभ्या. व्यापाऱ्यांना माल बांधून ठेवावा लागला. याच चळवळीत १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीला विदेशी कापडाची लॉरी अडवताना बाबू गेनू हा गिरणी कामगार तिच्याखाली गेला. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा, वय बावीसच्या आसपास. एकेकट्या बाईने घरात बसून विलायती लुगडं नाकारलं असतं, तर दुकानदाराला कळलंही नसतं. दहाजणी दुकानापुढे उभ्या राहिल्या, तेव्हा कळलं.

विलायती कापडाची जागा लगेच देशी मालाने भरली असं मात्र नाही. जपानी कापड इतकं स्वस्त येऊ लागलं, की १९३३ मध्ये सरकारने ब्रिटिश सोडून बाकी परदेशी कापडावर ७५ टक्के जकात बसवली. आज चिनी आकाशकंदील आणि चिनी चेन यांच्याबद्दल बोलतो ना, ते काही नवं नाही. आमच्या गटाच्या पिशव्यांचं कापड भिवंडीचं आहे. चेन कुठली आहे, ते मी विचारत नाही.

आता आपल्या भागाची गोष्ट. इथे कापडापेक्षा भारी पडली ती उधारी. लग्नाला लागतं काय? तांदूळ, ताडी, नवरीचं लुगडं. तेवढ्यासाठी सावकाराकडून, जमीनदाराकडून कर्ज घ्यायचं आणि मग नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचं, वर्षानुवर्षं, कधी जन्मभर. त्याला ‘लग्नगडी’ म्हणायचे. डहाणू-तलासरीकडच्या वारली बायाबापड्यांनी १९४५ मध्ये किसान सभेच्या झेंड्याखाली, गोदावरी परुळेकरांच्या सोबतीने, ही लग्नगडी आणि वेठबिगार मोडून काढली. त्या लुगड्याची दुकानातली किंमत थोडीच होती. हिशोबाची वही दुसऱ्याच्या हातात होती, आणि आपल्याला वाचता येत नव्हतं.

आज वाचता येतं. म्हणून एक हिशोब सांगते, पेन्सिल घ्या. समजा रोख ४५० रुपयांची साडी दारावर आली. तो म्हणतो, ताई, आठवड्याला फक्त ५० रुपये, १४ आठवडे. पन्नास रुपये जड वाटत नाहीत. पण १४ गुणिले ५० म्हणजे ७०० झाले. अडीचशे रुपये जास्त. तेच ४५० गटातून अंतर्गत कर्ज घेतलं, महिना शेकडा २ ने, तर व्याज महिन्याला ९ रुपये. चार महिने लावले तरी ३६ च्या वर जात नाही, आणि ते ३६ सुद्धा आपल्याच पेटीत पडतात.

मी साडी घेऊ नका म्हणत नाही. सुरतेची साडी स्वस्त आहे, रंग छान आहेत, माझ्या अंगावरचीही तिकडचीच आहे. सुरतेला जायला पालघर-बोईसरवरून थेट गाडी आहे. गेल्या दिवाळीला आमच्या दोन गटांनी मिळून पैसे काढले, तिघी सकाळच्या गाडीने सुरतेला गेल्या आणि घाऊक भावाने साड्या घेऊन रात्री परत आल्या. गाडीभाडं, चहापाणी, हमाली सगळं धरूनही दारावरच्यापेक्षा बरंच स्वस्त पडलं. दोन साड्यांना डाग निघाले आणि त्यावरून भांडण झालं, तेही सांगून टाकते. यंदा दुकानातच प्रत्येक साडी उलगडून बघायची, असं ठरलंय.

तर येत्या बैठकीला ज्यांच्या घरात हप्ता चालू आहे, त्यांनी ते कार्ड घेऊन यायचं. साडीचं असो, मिक्सरचं असो, कुकरचं असो. लपवायचं नाही, कोणी हसणार नाही. आधी सगळ्यांची बेरीज फळ्यावर मांडू आणि मग सुरतेला कोण जाणार ते ठरवू. नमस्कार.