हिमरस्ता आणि खडी फोडणारे हात



आम्ही शाळेत फार शिकलो नाही. जे शिकलो ते मजुरांत वावरून. म्हणून लडाखच्या रस्त्यांचा विषय निघाला की आम्हांला आधी माणसे दिसतात.

सरहद्दीचे रस्ते बांधण्या-राखण्यासाठी 1960 साली सीमा सडक संघटना निघाली. मनाली-लेह वाटेवरची तंगलांग ला ही खिंड 17,000 फुटांहून उंच आहे. तिथे रस्त्याचा खरा वैरी पाणी. दिवसा ते फटींत शिरते, रात्री गोठते, गोठताना सुमारे 9 टक्के फुगते आणि डांबर फोडते. म्हणून गटारे आणि मोऱ्या मोकळ्या ठेवणे हीच निम्मी दुरुस्ती. 2020 साली 9 किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला. रोहतांगचे बर्फ टळले, पुढच्या खिंडी उरल्याच.

हे काम कोण करतो? झारखंडातील दुमका भागातले पुष्कळ मजूर. 2020 च्या मे महिन्यात, टाळेबंदीत अडकलेल्या साठ जणांना लेहहून विमानाने घरी आणले. जूनमध्ये दुमकाहून खास आगगाडीने मजूर पुन्हा लडाखला निघाले. देशाला त्यांची एवढी निकड! मग थेट हातात मजुरी, उबदार कपडे, आजारपणात औषध मागणे म्हणजे भीक का? 1979 च्या कायद्याने परप्रांती मजुराला प्रवासभत्त्याचा हक्क दिला. पण हिशेबाची वही मुकादमाच्या काखेत असली, की हक्क कागदावरच राहतो.

मोरी तुंबली की रस्ता खचतो. मजुरी मध्येच तुंबली की माणूस खचतो. दोन्ही वाटा मोकळ्या ठेवा, एवढेच आमचे मागणे.