अजिंठ्याचा पद्मपाणि



अमरावती-अकोल्याहून अजिंठ्यास जाणारी आपली मंडळी पहिल्या लेण्यातील पद्मपाणीपुढे स्तब्ध होतात. तेथील चित्रांनी काय सोसले, हे मात्र थोड्यांस ठाऊक असते. १८१९ साली ही लेणी इंग्रजांच्या दृष्टीस पडली. रॉबर्ट गिल याने वर्षानुवर्षे खपून केलेल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या आगीत जळाल्या. पुढे १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटालियन तज्ज्ञ आणविले. त्यांनी सुटलेला गिलावा पक्का बसविला. परंतु वर दिलेले लाखेचे रोगण कालांतराने पिवळे पडले आणि ते उतरविण्याचे कष्ट पुरातत्त्व खात्यास पडले.

चकाकी चढविणे म्हणजे जतन नव्हे. आमची विनंती एवढीच की, घरच्या जुन्या तसबिरींवर हौसेने रोगण देऊ नये. धूळ, ओल व ऊन यांपासून त्या जपाव्यात.