परदेशातील विद्यार्थी आणि स्नेहाचे घर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात भिलाई येथे दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



येथे जमलेल्या अनेक कुटुंबांतील मुले-मुली शिक्षणासाठी परदेशी गेली आहेत किंवा जाण्याच्या तयारीत आहेत. प्रवेश, शुल्क, शिष्यवृत्ती, पारपत्र यांची चर्चा घरोघरी होते. परंतु तेथे मुलाचा दिवस कसा जाईल आणि मनातले दुःख तो कोणापाशी बोलेल, हा विचार सहसा होत नाही. आज त्याविषयीच चार शब्द बोलणार आहे.

या वाटेवरील मराठी विद्यार्थ्यांत अग्रस्थान डॉ. आनंदीबाई जोशी यांचे. त्यांचे यजमान गोपाळराव टपाल खात्यात होते. अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, बंगालमधील श्रीरामपूर असा त्यांचा संसार बदल्यांबरोबर हलत राहिला. माझ्यासारख्या केंद्र सरकारच्या सेवकाला ही यादी वाचताना आपलीच सेवापुस्तिका उघडल्यासारखे वाटते. पत्नीच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी लिहिलेले पत्र अमेरिकेतील एका मिशनरी नियतकालिकात छापले गेले. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांनी ते 1880 साली दंतवैद्याकडे खोळंबून बसल्या असताना सहज वाचले आणि आनंदीबाईंना पत्र लिहिले. प्रत्यक्ष भेट होण्यापूर्वी सुमारे तीन वर्षे हा पत्रव्यवहार चालला. 4 जून 1883 रोजी आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा वय अवघे अठरा. परंतु जाण्यास एक घर होते आणि हाक मारण्यास एक मावशी होती.

त्या घरी आनंदीबाई केवळ पाहुणचार घेत बसल्या नाहीत. आपल्या पद्धतीचा स्वयंपाक करून त्यांनी यजमानांना व त्यांच्या स्नेह्यांना जेवू घातले. पुढे फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात थंडी, एकटेपणा आणि आजार त्यांच्या वाट्याला आले. तरी त्यांनी लुगडे सोडले नाही. थंडीपासून अंग झाकावे म्हणून नेसण्याची पद्धत मात्र बदलली. 1885 सालच्या एका छायाचित्रात त्या जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या साबात इस्लामबुली या विद्यार्थिनींसमवेत दिसतात. तिघींचा वेष आपापल्या देशाचा आणि तिघींची विद्या एकच! मार्च 1886 मध्ये पदवी मिळाली आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांची रक्षा श्रीमती कार्पेंटर यांच्याकडे पाठविण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत तिला जागा मिळाली. एका पत्रातून जुळलेले नाते येथवर पोहोचले.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते जुलै 1913 मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे वसतिगृहात त्यांच्यासोबत राहणारे नवल भथेना हे पारशी गृहस्थ त्यांचे जन्माचे मित्र झाले. 1920 साली अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा याच मित्राने त्यांना पाच हजार रुपये उसने दिले. मात्र मध्यंतरी, 1917 साली, बडोद्यास एका पारशी पथिकाश्रमातून त्याच बाबासाहेबांना जातीपायी बाहेर काढण्यात आले होते. सातासमुद्रापार खोली वाटून घेणारा मित्र भेटला आणि स्वदेशात डोक्यावर छप्पर मिळेना! परक्याला परके ठेवणारे अंतर मैलांत मोजता येत नाही, हे यावरून ध्यानी यावे.

आजचा विद्यार्थी दररोज घरच्यांचा चेहरा पाहू शकतो. ही सोय मोठीच. पण तिच्यामुळे देह परदेशी आणि मन घरी असे होऊ शकते. आपल्याच भाषेच्या चार मुलांत राहिल्याने आधार मिळतो, हे खरे. तथापि तेवढ्यावर थांबले तर तो देश खिडकीतूनच पाहिल्यासारखे होईल. एकत्र स्वयंपाक, प्रयोगशाळेतील सहकार्य, आजारपणात नेऊन दिलेली पेजेची वाटी यांतूनच परिचयाची मैत्री होते. म्हणून मुलाला "जेवलास का?" असे अवश्य विचारावे, त्याचबरोबर "कोणाबरोबर जेवलास?" असेही विचारावे.

आणि आपण येथे काय करतो? हे गावच परक्यांनी वसविलेले आहे. 1955 च्या करारानंतर सोव्हिएत संघाच्या सहकार्याने पोलाद कारखाना उभा राहिला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. तेव्हा प्रांतोप्रांतीची माणसे आणि रशियन तज्ज्ञांची कुटुंबे येथे शेजारी झाली. आज आपल्या जिल्ह्यात 2016 साली स्थापन झालेली आयआयटी आहे. तेथे दूरदूरची मुले शिकतात. गणेशोत्सवात, दिवाळीच्या फराळाला त्यांतील दोघा-चौघांना प्रत्येक घराने बोलवावे, एवढीच माझी विनंती आहे. आपल्या मुलाला परमुलखात एखादी मावशी भेटावी असे वाटत असेल, तर येथे कोणाची तरी मावशी होणे आपल्या हाती आहे.