शर्यतीची होडी: धंदा की हौस?

माझा आतेभाऊ चेन्नईत नोकरी करतो. तिथल्या बंदरात 1911 साली स्थापन झालेला रॉयल मद्रास यॉट क्लब आहे, नेत्रा कुमाननसारखी ऑलिंपिकपटू याच शहरातली. तिथे राहून त्यालाही वाऱ्याची चटक लागली आणि त्याने शर्यतीची शिडाची होडी घेतली. शीड, दोर, दुरुस्ती, प्रवास! वर्षअखेरीस बिलांची पिशवी माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "दादा, हा माझा धंदा समज आणि तोटा पगारातून वजा कर."

आता गंमत बघा. 1961च्या आयकर कायद्यात होडीच्या शर्यतीसाठी खास कलम नव्हतं. घोड्यांसाठी मात्र होतं, 74अ. शर्यतीचे घोडे बाळगण्यात झालेला तोटा फक्त त्याच घोड्यांच्या उत्पन्नातून वजा होतो आणि पुढे चारच वर्षं ओढता येतो. 1996 साली मद्रास रेस क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला, हे पुष्कळांना आठवत असेल. पण तो वाद जुगाराचा होता. कौशल्य आहे म्हणून करासाठी धंदा होत नाही.

होडीला मग साधी कसोटी. नफ्याचा खरा हेतू आहे का? काम सातत्याने, पद्धतशीर चालतं का? भाडं, शिकवणीची फी, प्रायोजकाचे पैसे असं काही येतं का? तोटा झाला एवढ्यावरून धंदा नाही असं म्हणता येत नाही. अमेरिकेत पाचपैकी तीन वर्षं नफा दिसला तर धंदा मानायला मदत होते. आपल्याकडे असा आकडा नाही, कागदपत्रं बोलतात. आतेभावाकडे कागद होते, पण सगळे खर्चाचेच. मी विचारलं, "यातून पैसे कोण देतो तुला?" तो हसला.

बरं, धंदा मानला तरी त्याचं काम होत नव्हतं! धंद्याचा तोटा पगारातून वजा होतच नाही. मुदतीत विवरणपत्र भरलं तर आठ वर्षं पुढे नेता येतो, तोही धंद्याच्याच नफ्यासाठी. हे ऐकून तो जरा गप्प झाला. हप्ता डोक्यावर होता बिचाऱ्याच्या.

आता शनिवार-रविवारी तो मुलांना शीड सांभाळायला शिकवतो, फी घेतो, पावती देतो. त्याची वही वेगळी ठेवलीय. शर्यतीचा खर्च अजून घरखर्चातच लिहितो, वहिनींसमोर.