अंगणातले शेवाळ आणि हरळी

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. चार बायकांपुढे उभे राहायची सवय नाही. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या अंगणाची हकीकत सांगा," म्हणून हे धाडस.

आपले बुलढाणे अजिंठ्याच्या डोंगरावर. श्रावणात झिमझिम लागली म्हणजे आठ आठ दिवस अंगण वाळत नाही. आमच्या दारी आंब्याखाली सासूबाईंनी गणपतीच्या दूर्वांसाठी हरळी राखली होती. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एवढीच. चार-पाच पावसाळ्यांत तिथे मखमलीसारखे शेवाळ पसरले. मला ते दिसायला आवडे! सासूबाई दोनदा म्हणाल्या, "सूनबाई, याचे काहीतरी कर गं." मी हो म्हटले आणि विसरले. दोन वर्षांपूर्वी दूर्वा खुडायला गेल्या आणि पाय सरकला. खुब्याचे हाड मोडले, तीन महिने अंथरुणावर. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, तेच जास्त लागले.

मग मी कंबर कसली, पण आधी सगळे उलटेच केले. शेजारणीच्या सांगण्यावरून चुना टाकला. आपल्या काळ्या मातीत चुनखडी मूळचीच. तिला आणखी चुना कशाला? खुरप्याने खरवडले, तर उघड्या मातीवर महिन्याभरात पुन्हा हिरवे.

शेतकी शिकलेल्या भाच्याने मग समजावले. लोणारच्या सरोवराच्या हिरव्या पाण्यालाही आपण शेवाळच म्हणतो. पण ते डोळ्यांना न दिसणारे, फरशीवरच्या बुळबुळीत थराच्या गोतातले. हे मखमली वेगळे. नीट पाहिले तर इवलाली पाने दिसतात. त्याला खरी मुळे नाहीत, पानांनीच पाणी पिते. बीही नाही, धुळीसारखे कण वाऱ्यावर येतात. ते हरळीला खात नाही. हरळी हटते तिथे ते बसते.

मग आमची हरळी का हटली? एक तर आंब्याची दाट सावली; हरळीला ऊन हवे. दुसरे, येण्याजाण्याने माती चोपून घट्ट झालेली, पाणी वर साचायचे. तिसरे, ह्यांना हरळी अगदी जमिनीलगत कापायची हौस.

खालच्या फांद्या उतरवल्या. सळईने वीत-वीत अंतरावर चार बोटे खोल भोके पाडून वाळू भरली. हरळी दोन बोटांहून खाली कापायची नाही असे ह्यांना बजावले. (ते मानायला एक पावसाळा लागला.)

असलेले शेवाळ मारायला हिराकस. खताच्या दुकानात फेरस सल्फेट म्हणून मिळतो. तेवढ्या जागेला ६० ग्रॅम हिराकस, त्याच्या तिप्पट अमोनियम सल्फेट आणि सव्वा किलो कोरडी वाळू एकत्र करून, शेवाळ ओले असताना सारखे पसरले. दोन दिवसांत पाऊस आला नाही तर पाणी शिंपडावे. तोवर मुले आणि जनावरे दूर ठेवावीत. शेवाळ काळे पडते. पूर्ण मेल्यावरच, दहा-पंधरा दिवसांनी, दाताळ्याने ओढून काढावे. रिकाम्या जागी लगेच हरळीचे कांडे लावले, नाहीतर पुन्हा तेच. हिराकस फरशीवर सांडू देऊ नका. आमच्या पायरीवर तांबडा डाग आहे, माझ्या एका चांगल्या पातळावरही आहे. दोन्ही जात नाहीत.

फरशीवरचे शेवाळ खराट्याने आणि ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने जाते, पण ते पाणी हरळीवर जाऊ देऊ नये, आणि त्यात संडासचे अ‍ॅसिड कधीही मिसळू नये. विषारी वायू निघतो.

आंब्याच्या बुंध्याशी हातभर जागेत हरळी अजून धरत नाही. तिथे मी आता शेवाळच राहू दिले आहे, भोवती विटा लावून, कोणाचा पाय पडू नये म्हणून. यंदा गणेशचतुर्थीला सासूबाई काठी टेकत अंगणात आल्या. एकवीस दूर्वा खुडल्या आणि म्हणाल्या, "अजून पुष्कळ उरल्या गं."

कोणाला हरळीचे कांडे हवे असतील तर पावसाळ्यात पिशवी घेऊन यावे.