संकेतस्थळ घडविणारा विद्यार्थी आणि त्याचा दाम



माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढले जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा संगणकावर बोलण्याचा तुम्हांला अधिकार काय, असे कोणी विचारील तर तो प्रश्न रास्तच होय. यंत्राविषयी मी बोलणारही नाही. त्या यंत्रासमोर जो बसतो त्याच्या श्रमाविषयी बोलणार आहे, आणि तो विषय गेली तीस वर्षे माझा आहे.

आपल्या गावोगावच्या कॉलेजांतून आज एक नवा कारागीर तयार झाला आहे. दिवसा तो वर्गात बसतो आणि रात्री कोणाच्या मिठाईच्या दुकानाची, कोणाच्या दवाखान्याची, कोणाच्या शिकवणीच्या वर्गाची वेबसाइट तयार करतो. कॉलेजातही स्नेहसंमेलन आले की त्याची वेबसाइट यानेच करावयाची, स्पर्धांची नावनोंदणी यानेच चालवावयाची. याला फ्रीलान्सर म्हणतात. शब्द नवा असला तरी गोष्ट जुनी आहे. मालकाच्या छपराखाली न जाता, आपल्या घरी, आपल्या दिव्याखाली, नगावर काम करणारा माणूस, एवढाच त्याचा अर्थ. सोलापूरच्या आणि सिन्नरच्या विडी वळणाऱ्या भगिनी हेच करीत आल्या आहेत.

वेबसाइट म्हणजे काय, हे आपण दुकानाच्या उपमेने पाहू. डोमेन ही दुकानाची पाटी. ती विकत मिळत नाही, मुदतीच्या भाड्याने मिळते, आणि भाडे चुकले की उतरते. होस्टिंग हा गाळा, त्याचेही भाडे. आणि आतली मांडणी, फळ्या, कप्पे, गल्ला, म्हणजे त्या मुलाने लिहिलेली आज्ञावली अथवा कोड. गिऱ्हाइकाला दिसते ती रंगरंगोटी. श्रम असतात ते न दिसणाऱ्या कप्प्यांत.

आता हिशेब मांडू. माझ्या परिचयाचा एक विद्यार्थी आहे. आई विड्या वळते, मुलगा इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. एका व्यापाऱ्याचे काम त्याने ९,००० रुपयांना घेतले. पाटीचे आणि गाळ्याचे भाडे ३,००० रुपये, ते त्याने आपल्याच पदरचे भरले. उरले ६,०००. काम ८० तासांचे धरले होते. म्हणजे तासाला ७५ रुपये. परंतु व्यापाऱ्याने आज रंग बदलावयास सांगितले, उद्या छायाचित्रे, परवा सगळा मजकूरच. ८० तासांचे १५० तास झाले. तासाला ४० रुपये उरले! आणि तेही हाती पडावयास चार महिने लागले. तो व्यापारी दुष्ट होता काय? मुळीच नव्हता. घरी आलेल्याला चहा दिल्यावाचून न सोडणारा गृहस्थ. पण किती वेळा बदल करावयाचा हे ठरलेच नव्हते, आणि जे ठरलेले नसते ते नेहमी दुबळ्याच्या खात्यावर पडते.

विडीच्या धंद्यात याला जोड आहे. वळून आणलेल्या विड्यांतून ठेकेदार काही बाजूला काढतो; तिला छाट म्हणतात. त्या छाटीचे दाम कापले जातात. छाट किती आणि कोणत्या मापाने, याचे भांडण दाराशी रोजचे. बाईची बोटे चालत होती, पण माप ठेकेदाराच्या हाती होते. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी काम करणारीलाही कामगार मानले आणि नाकारलेल्या विड्यांच्या तंट्याला दाद मागण्याची वाट केली. वेबसाइटवाल्याच्या 'आणखी एक छोटासा बदल' ही आजची छाट होय. फरक एवढाच की त्याला ती वाट अजून नाही.

सरकारने काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आली, आणि तीत गिग कामगार हे नाव कायद्यात प्रथमच आले. पण ती संहिता सुरक्षेची आहे, कामाचा दर ठरविणारी नव्हे. दर ज्याचा त्यानेच ठरवावयाचा आहे. म्हणून तो ठरविण्याची रीत शिकणे भाग आहे.

कॉलेजातल्या कामाचे तर निराळेच. तेथे दाम मागितला की उत्तर येते, "अरे, तुला शिकावयास मिळते ना!" शिकावयास मिळते हे खरेच, आणि काही काम विद्यार्थ्याने हौसेने आपल्या संस्थेला द्यावे, यातही गैर नाही. परंतु शिक्षण, देणगी आणि मजुरी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची सरमिसळ झाली की पुढे तंटा उभा राहतो. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या संगणक केंद्रात १९९३ साली मोझाइक नावाचा ब्राउझर तयार झाला. तो करणाऱ्यांत मार्क अँड्रीसन हा तासावर मजुरी घेणारा विद्यार्थी होता. पुढल्याच वर्षी त्याने भागीदारीत कंपनी काढून तिला मोझाइकचेच नाव दिले, तेव्हा विद्यापीठाने हरकत घेतली. कंपनीला नेटस्केप असे नाव बदलून घ्यावे लागले आणि तडजोडीत पैसेही मोजावे लागले. चूक कोणाची हा प्रश्न येथे नाही. काम कोणाचे, हे आधी स्पष्ट नसले तर काय होते, एवढेच पाहावयाचे आहे.

याच्या उलट उदाहरण जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेचे. तेथे टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वर्ल्ड वाइड वेबची योजना मांडली. ही सारी विद्या जगाला फुकट द्यावयाची असे सर्नने ठरविले, तेव्हा ३० एप्रिल १९९३ रोजी तसा लेख करून त्यावर सह्या केल्या. म्हणजे दानसुद्धा लेखी! मग मजुरी तोंडी का असावी?

आपल्याकडचा कायदा या बाबतीत फार थोड्यांना ठाऊक आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाची आज्ञावली साहित्यकृतीत धरली जाते. पगारी नोकराने नोकरीत केलेल्या कामाचा हक्क सामान्यतः मालकाचा. परंतु स्वतंत्रपणे काम घेणाऱ्याने लिहिलेल्या आज्ञावलीचा पहिला धनी तोच. तो हक्क दुसऱ्याला द्यावयाचा तर सहीचा लेख लागतो, आणि लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते. तेव्हा लेखी करार हा केवळ मुलाच्या हिताचा नाही. पैसे मोजूनही आपण धनी झालो नाही, असे व्यापाऱ्यावर येऊ नये म्हणूनही तो हवा.

करार म्हणजे वकिलाचा दस्तऐवज नव्हे. एक पान पुरते. काम कोणते व किती पानांचे. बदल किती वेळा आणि त्यापुढील बदलाचा दर काय. आगाऊ किती, मध्ये किती, शेवटी किती आणि कोणत्या तारखेला. पाटी व गाळा कोणाच्या नावाने आणि त्याचे भाडे कोणी भरावयाचे. आज्ञावलीचा हक्क कोणाचा. या पाच गोष्टींवर दोघांच्या सह्या. कॉलेजच्या कामात सहावी गोष्ट: ज्याने केले त्याचे नाव वेबसाइटवर राहील आणि तो उत्तीर्ण होऊन गेल्यावर किल्ल्या कोणाकडे जातील.

विद्यार्थ्यांनाही दोन शब्द सांगावयास हवेत, कारण एकतर्फी बोलणे हा आमच्या धंद्याचा दोष समजला जातो. पाटी गिऱ्हाइकाच्या नावाने घ्या, आपल्या नव्हे. पैसे अडले म्हणून दुसऱ्याच्या दुकानाला कुलूप ठोकू नका. ठरलेल्या टप्प्याचे पैसे येईपर्यंत पुढचा टप्पा थांबवा. आणि एकमेकांच्या दराखाली जाऊन काम ओढू नका. आज तुम्ही ९,००० चे ५,००० केलेत, तर उद्या तुमच्याच वर्गातला दुसरा कोणी ३,००० करील. सगळ्यांनी मिळून खालची एक रेघ ओढावी, यालाच आम्ही संघटना म्हणतो. १८९० साली रविवारची सुट्टी मिळविणारे नारायण मेघाजी लोखंडे यांनीही मुंबईच्या गिरणी कामगारांना हेच शिकविले.

पण माझे खरे सांगणे आपणां श्रोत्यांना आहे. या गोष्टीतला मालक कोणी दूरचा भांडवलदार नाही. तो या सभेत बसला आहे. कोणी दुकानदार आहे, कोणी सोसायटीचा चिटणीस, कोणी संस्थेचा विश्वस्त. शेजारच्या मुलाला "तू आपलाच आहेस, कर एवढे," असे म्हणताना त्याचे आपलेपण आपण मजुरीतून वजा करीत असतो. सुतार आला तर आपण आधी मजुरी ठरवितो. या मुलालाही तेवढाच मान द्या. आपल्याकडे काम मागावयास येणाऱ्या पुढल्या विद्यार्थ्याला आधी बसावयास सांगा, कागद पुढे करा, आणि म्हणा, "लिही बाबा, तुझे काय ठरले ते."